राहणाऱ्यांच्या हाती गुणपत्रिका : भंडारा जिल्ह्याच्या संदर्भात वास्तुशिक्षणाचा विचार

वास्तुकलेच्या शिक्षणाचा कणा म्हणजे रचना-स्टुडिओ. ज्या तासिकांत विद्यार्थी एखाद्या इमारतीचा आराखडा आठवडेच्या आठवडे काढतो, पुसतो आणि शिक्षकाशी वाद घालत पुन्हा काढतो, त्या कार्यशाळेला स्टुडिओ म्हणतात. आणि या कार्यशाळेत इतर सारे हजर असताना ती इमारत वापरणारा माणूस तेवढा बहुधा गैरहजर असतो. त्याच्या जागी ‘चौघांचे शेतकरी कुटुंब’ अशा दोन-तीन शब्दांत उरकलेला एक कल्पित माणूस बसवलेला असतो, ज्याच्या घरी पाहुणे उतरत नाहीत, ज्याची म्हैस ऐन पावसात वीत नाही आणि जो कशालाही हरकत घेत नाही. सत्राच्या शेवटी ज्यूरी भरते, म्हणजे बाहेरून आलेले वास्तुविशारद व महाविद्यालयातील शिक्षक भिंतीवर लावलेल्या शीटांसमोर उभे राहून प्रश्न विचारतात आणि गुण देतात. त्या गुणांत घर कसे दिसेल याला जागा असते, ते कसे बांधले जाईल यालाही असते, परंतु ज्याला त्यात राहायचे त्याने ते स्वीकारले का, या प्रश्नासाठी रकाना नसतो. भंडारा जिल्ह्यासारख्या धानाच्या मुलखात काम करू पाहणाऱ्या शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी हा रकाना कसा उघडावा, याचा विचार येथे केला आहे.

वास्तुविशारद अधिनियम, १९७२ अन्वये स्थापन झालेली वास्तुकला परिषद या शिक्षणाची किमान मानके ठरवते आणि त्यानुसार बी.आर्क. हा पाच वर्षांचा, दहा सत्रांचा अभ्यासक्रम आहे. मात्र स्टुडिओचा विषय कोणत्या गावावर आणि कोणत्या माणसांच्या गरजेवर बेतावा, याची मोकळीक बऱ्याच अंशी शिकवणाऱ्याकडेच राहते. भंडारा शहरापासून नागपूर सुमारे ६० किलोमीटरवर आहे आणि तेथे विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेच्या वास्तुकला विभागासह अनेक वास्तुमहाविद्यालये आहेत. तेव्हा सकाळी निघून संध्याकाळी परतता येईल इतके अंतर असल्यामुळे, एकदाच सहलीसारखे जाऊन छायाचित्रे काढून येण्याची सबब या बाबतीत चालण्याजोगी नाही.

येथे ‘वापरकर्ता’ हा शब्द थोडा स्पष्ट करणे आवश्यक आहे. इमारतीचे पैसे देणारा तो ग्राहक आणि इमारतीत वावरणारा तो वापरकर्ता; शहरातील बंगल्याच्या बाबतीत हे दोघे एकच असू शकतात, पण शाळा, दवाखाना, बाजारओटा किंवा पुनर्वसित गावठाण यांत ते क्वचितच एक असतात. पैसे शासन देते आणि पायरी कोणी तरी वेगळेच झिजवते. भंडाऱ्यातील घरकुलाची परिस्थिती याहून चमत्कारिक आहे. २०१६ पासून राबवल्या जाणाऱ्या प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) मध्ये घराचे किमान क्षेत्र, स्वयंपाकाच्या जागेसह, २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २६९ चौरस फूट धरलेले आहे. सपाट प्रदेशासाठी मूळ साहाय्य १ लाख २० हजार रुपये असून ते बांधकामाच्या टप्प्यांनुसार हप्त्यांनी मिळते, आणि घर कंत्राटदाराने नव्हे तर लाभार्थ्याने स्वतः बांधून घ्यावे अशी योजनेची अट आहे. याचा अर्थ असा की लाभार्थी हाच कागदोपत्री ग्राहक, देखरेखदार आणि राहणारा असतो; तरीही आराखडा ठरवताना त्याच्या हाती गवंड्याच्या सवयीखेरीज दुसरे साधन नसते. केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयाने ‘पहल’ नावाने प्रदेशवार नमुना-घरांचे संकलन केलेले आहे, परंतु नमुना कितीही चांगला असला तरी तो अमुक गावातील अमुक कुटुंबाशी जुळवून घेण्याचे काम कोणी तरी करावेच लागते, आणि ते काम विद्यार्थ्यांना शिकण्यासाठी अत्यंत योग्य आहे.

लोकसहभागाच्या चर्चेत अमेरिकन अभ्यासक शेरी अर्नस्टाइन यांनी १९६९ मध्ये मांडलेली शिडी नेहमी उल्लेखिली जाते. तिच्या आठ पायऱ्यांपैकी खालच्या पायऱ्यांवर लोकांना पटवून गप्प करणे येते, मधल्या पायऱ्यांवर माहिती देणे आणि मत विचारणे येते, आणि वरच्या पायऱ्यांवर निर्णयाचा अधिकार लोकांकडे जातो. महाविद्यालयांतील बहुतेक ‘सहभागी’ प्रकल्प मधल्या पायऱ्यांवर थांबतात: प्रश्नावली भरून घेतली जाते, तिची वर्तुळाकार आलेखचित्रे पहिल्या शीटवर चिकटवली जातात आणि दुसऱ्या शीटपासून विद्यार्थी आपल्या मनातील इमारत काढू लागतो. अशा प्रश्नावलीने विद्यार्थ्याचे काही बिघडत नाही, उलट दोन गुण वाढतात. गावकऱ्यांचा मात्र एक दिवस जातो. ज्या सहभागामुळे आराखडा बदलावा लागण्याची भीती नाही तो सहभाग मोजमापाच्याच जातीचा समजावा, आणि म्हणून राहणाऱ्याच्या ‘नाही’ला गुणांत वजन देणे ही या सगळ्या उपक्रमाची पहिली अट मानावी. ती अट कशी पाळावी हे पुढे येईलच. परंतु तो ‘नाही’ जाणतेपणाने म्हणता यावा यासाठी आधी तीन गोष्टी साधाव्या लागतात, त्यांतील पहिली म्हणजे वेळ.

भंडाऱ्याच्या खेड्यातील घर बारा महिने एकसारखे नसते. जूनमध्ये पऱ्हे (धानाच्या रोपांसाठीचे बी) टाकले जातात, जुलै-ऑगस्टमध्ये रोवणी (रोपांची लावणी) चालते, आणि त्या दिवसांत गावातील बहुसंख्य स्त्रिया सकाळपासून दिवेलागणीपर्यंत चिखलाच्या बांधीत वाकलेल्या असतात; घर तेव्हा आकसलेले असते, कारण जनावरे, सरपण, तणस आणि न वाळणारे कपडे अशा साऱ्यांनाच छपराखाली जागा हवी असते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात कापणी होऊन धानाची पुंजणी लागतात, चुरणे झाले की धान घरात येते आणि ज्या खोलीला विद्यार्थ्याने आराखड्यात ‘शयनगृह’ म्हटलेले असते ती पोत्यांनी किंवा बांबूच्या तट्ट्यांच्या कणगीने भरून जाते. दिवाळीनंतर गावोगावच्या मंडईचे, म्हणजे जत्रेचे, दिवस येतात, दंडार हे लोकनाट्य आणि झाडीपट्टी म्हणवणाऱ्या या मुलखाची नाटके रात्र-रात्र रंगतात, सासुरवाशिणी आणि सोयरे उतरतात, नव्या सोयरिकींची बोलणी निघतात. २६९ चौरस फुटांच्या घराची खरी परीक्षा त्या रात्री होते. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे वेचलेली मोहफुले अंगणात वाळत पडतात, मे महिन्यात तेंदूपानांचा हंगाम असतो आणि पारा ४५ अंशांच्या आसपास गेल्यावर माणसे दारापुढच्या मांडवाखाली दुपार काढून रात्री अंगणात किंवा स्लॅबवर झोपतात, म्हणजे घर भिंतींच्या बाहेर पसरते.

विद्यापीठाचे सत्र या चक्राशी जमवून घेत नाही. पहिल्या सत्राची सुरुवात रोवणीवर येते आणि शिक्षक मोठ्या उत्साहाने दुपारी बारा वाजता समाजमंदिरात बैठक ठेवतो. तिला चार वृद्ध, दोन शाळकरी मुले आणि उपसरपंच येतात, आणि मग अहवालात ‘ग्रामस्थांचा अल्प प्रतिसाद’ असे लिहिले जाते. हा प्रतिसाद अल्प नसून वेळापत्रक चुकीचे असते. रोवणीच्या काळात भेट ठेवायची असल्यास ती अंधार पडल्यावर, जेवणे आटोपल्यावर ठेवावी, किंवा मजुरी बुडेल अशा वेळी कोणाला बोलवायचे असल्यास त्या दिवसाच्या मजुरीइतकी रक्कम प्रकल्पखर्चात आधीच धरावी. एका सत्रात पूर्ण वर्ष पाहता येत नाही ही अडचण खरी आहे; तिच्यावरचा साधा उपाय असा की एकाच गावाशी किमान दोन-तीन वर्षे नाते ठेवावे आणि पावसाळ्यात गेलेल्या वर्गाची नोंदवही उन्हाळ्यात जाणाऱ्या वर्गाच्या हाती द्यावी. अमेरिकेतील ऑबर्न विद्यापीठाच्या ‘रूरल स्टुडिओ’ने १९९३ पासून अलाबामा राज्यातील हेल काउंटीत विद्यार्थ्यांना तेथेच राहायला पाठवून घरे बांधण्याचा जो क्रम चालू ठेवला आहे, त्यात विद्यार्थ्यांच्या कल्पकतेइतकाच वाटा या न तुटलेल्या वास्तव्याचा आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे प्रश्न विचारण्याची रीत. ‘घर कसे हवे?’ या प्रश्नाला खेड्यात दोनच उत्तरे मिळतात: ‘द्याल तसे’ किंवा ‘स्लॅबचे’. पहिले उत्तर संकोचाचे असते आणि दुसरे अनुभवाचे, परंतु प्रश्नच मोकळा सोडल्यामुळे त्या अनुभवाचा उलगडा होत नाही. त्याऐवजी कालच्या दिवसाविषयी विचारावे: काल पहाटे सर्वांत आधी कोण उठले, पाणी कोठून आणले, ते कोठे ठेवले, चूल कोणत्या वेळी पेटली, धूर कोणत्या बाजूला गेला, पाऊस आला तेव्हा सरपण कोणी आत घेतले, रात्री कोण कोठे झोपले, आणि जावई आले असते तर झोपण्याच्या जागा कशा बदलल्या असत्या. एका घरातील पुरुष, सासू, सून आणि शाळेत जाणारी मुलगी यांना हेच प्रश्न निरनिराळे विचारले असता बहुधा चार वेगळी घरे समोर येतात. स्त्रियांशी स्वतंत्र बोलण्यासाठी बचत गटाची बैठक सोयीची असते. शिवाय महाराष्ट्रात नियमित ग्रामसभेपूर्वी महिलांची सभा घेण्याची कायद्यातच तरतूद आहे, तिचा उपयोग गृहरचनेच्या चर्चेसाठी व्हावा, याला कोणाची आडकाठी असण्याचे कारण नाही. मात्र गावाच्या मध्यभागी झालेल्या सभेत गावाच्या कडेला राहणारे बोलत नाहीत, हे गृहीत धरून प्रत्येक मोहल्ल्यात वेगळे जावे.

भाषेचा प्रश्न वरवर लहान वाटतो, पण तो आराखड्यात खोल उतरतो. या भागातील झाडीबोलीत घराच्या अंगांना स्वतःची नावे आहेत आणि त्या नावांमागे उपयोग आहेत. दारापुढची छपराखालची जागा ती सपरी. तेथे पाहुणा टेकतो, बिडी वळली जाते, धान निवडले जाते, म्हातारे माणूस दिवस काढते. घरामागची सांदवाडी म्हणजे वालाचे वेल, वांगी-मिरच्या, सांडपाणी आणि स्त्रियांच्या खाजगीपणाची एकमेव जागा; विद्यार्थ्याच्या शीटवर मात्र तीच ‘उरलेली मोकळी जागा’ म्हणून रंगवली जाते आणि पुढच्या आठवड्यात तीत संडासाची टाकी येते. जनावरांच्या गोठ्याला येथे कोठा म्हणतात, हा शब्द मुंबई-पुण्याहून आलेल्या विद्यार्थ्याच्या कानाला हिंदी चित्रपटातला वाटतो आणि तो हसतो. त्या हसण्यानंतर समोरची बाई पुस्तकी मराठी बोलू लागते आणि मुलाखतीतील अर्धे ज्ञान निघून जाते. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी झाडीबोलीवर केलेले काम उपलब्ध आहे. पहिल्या भेटीपूर्वी प्रत्येक गटाने घर, शेत आणि भांडीकुंडी यांचे शंभरेक स्थानिक शब्द गोळा करावेत आणि आराखड्यावर खोल्यांची नावे त्याच शब्दांत लिहावीत. ‘लिव्हिंग रूम’ लिहिलेल्या चौकोनावर सहसा कोणी बोट ठेवत नाही. ‘सपरी’ लिहिलेल्या चौकोनावर आजीसुद्धा ‘एवढी अरुंद?’ असे म्हणते.

घर हेच कामाचे ठिकाण असलेल्या कुटुंबांकडे विशेष लक्ष द्यावे, कारण नमुना-आराखड्यांत त्यांचीच सर्वाधिक गैरसोय होते. मोहाडी आणि आंधळगाव येथील कोसा विणकरांच्या घरात माग हा कुटुंबातील सर्वांत मोठा सदस्य असतो: त्याची जागा आधी ठरते आणि माणसांची नंतर, त्याला डाव्या-उजव्या हाताला सारखा उजेड लागतो, आणि ताणा लांबवून खळ देण्यासाठी घरापुढची गल्ली मोकळी लागते, म्हणजे गल्ली हीच कारखान्याची एक खोली असते. तीन मीटर बाय तीन मीटरच्या दोन खोल्या काढून विणकराला ‘यांपैकी कोणतीही वापरा’ असे सांगणे म्हणजे त्याला धंदा बदलायला सांगण्यासारखे आहे. जिल्ह्यातील अनेक गावांत स्त्रिया घरबसल्या बिड्या वळतात. भिजवलेले तेंदूपान कात्रीने मापात कापणे, तंबाखू भरणे, वळणे आणि दोरा बांधणे हे सगळे त्या उंबऱ्यापाशी किंवा सपरीत करतात, कारण उजेड तेथेच असतो, आणि लहान मूलही तेथेच रांगत असते. तंबाखूची धूळ मुलापासून दूर राहावी, उजेड मात्र जाऊ नये आणि शेजारणीशी बोलणेही तुटू नये, ही एवढीशी मागणी सोडवताना तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला खिडकीच्या उंचीविषयी जे कळते ते अन्यथा फार उशिरा कळते.

वेळ आणि प्रश्न साधल्यानंतर तिसरा टप्पा येतो तो आराखडा वाचता येण्याचा. जमिनीचा आराखडा, म्हणजे घर कमरेएवढ्या उंचीवर आडवे कापून वरून पाहिल्यासारखे काढलेले चित्र, आणि छेदचित्र, म्हणजे तेच घर उभे कापून दाखवणारे चित्र, या दोन्ही गोष्टी समजायला विद्यार्थ्यालाही पहिले वर्ष लागते. असे असताना गावकऱ्यांनी एका संध्याकाळी शीट पाहून मान डोलावली तर त्याला संमती म्हणणे अप्रामाणिकपणाचे आहे. मुंबईतील अनुभव या बाबतीत पाहण्यासारखा आहे. १९८४ मध्ये स्थापन झालेली ‘स्पार्क’ ही संस्था आणि भायखळा परिसरातील पदपथांवर राहणाऱ्या स्त्रियांची ‘महिला मिलन’ ही संघटना यांनी १९८० च्या दशकात लाकूड आणि कापड वापरून घराच्या खऱ्या मापाच्या प्रतिकृती उभारल्या, लोकांना त्यांत वावरायला लावले, आणि त्यांतून सुमारे १४ फूट उंचीच्या, वर पोटमाळा असलेल्या खोलीची कल्पना पुढे आली. जमिनीवरची जागा वाढवता येत नसेल तर उंची वाढवावी, हे उत्तर पदपथावरील अडीच हातांच्या जागेत संसार केलेल्या बायकांना सुचले, यात नवल नाही.

भंडाऱ्यात अशी पूर्ण मापाची प्रतिकृती उभारणे खर्चिक ठरत नाही. बांबू, तट्टे, साड्या, सुतळी आणि आखणीसाठी चुन्याची फक्की एवढे सामान पुरते, आणि नाटकांचे मंडप घालणारे कारागीर गावागावांत असल्यामुळे चार तासांत भिंती उभ्या राहतात. जागा शाळेच्या मैदानाची किंवा पीक निघालेल्या शेताची घ्यावी. भिंती उभ्या झाल्यावर व्याख्यान देऊ नये. घरातील खरी खाट, खरे पाण्याचे भांडे, धानाचे एक पोते आणि शक्य असेल तर सायकल आणून ती आत ठेवायला सांगावी, दार उघडून पाहायला सांगावे, चुलीच्या जागी बाईला बसायला सांगावे आणि तिच्या पाठीमागून दुसऱ्या बाईला घागर घेऊन जायला सांगावे. विद्यार्थ्यांपैकी एकाने केवळ पाहावे आणि दुसऱ्याने केवळ लिहावे. आराखड्याचा बचाव करण्याची परवानगी त्या दिवशी कोणालाही नसावी. भिंत एक हात सरकवा असे कोणी म्हटले तर ती तिथल्या तिथे सरकवता येणे, हा या रीतीचा खरा लाभ आहे, कारण विटांच्या घरात ती सरकवायला पुढची पिढी उजाडते.

येथे एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो टाळण्याजोगा नाही: राहणाऱ्यांना काय हवे हे त्यांनाच नीट ठाऊक असते असे गृहीत धरले, तर वास्तुविशारदाच्या ज्ञानाचे काम काय? विद्यार्थी मातीच्या भिंती आणि कवेलूंचे (कौलांचे) छप्पर काढतो, कारण ते थंड असते, सुंदर असते आणि शिक्षकांनाही आवडते. गावकरी स्लॅब मागतात आणि वर्गात निराशा पसरते. अशा वेळी गावकऱ्यांना शहरी मोहाला बळी पडलेले ठरवण्याची घाई करू नये. वानरांचे कळप छपरावरून उड्या मारत कवेलू फोडतात, दर पावसाळ्यापूर्वी कवेलू फेरावे लागतात, ते काम जाणणारी माणसे आणि कवेलू घडवणारे कुंभार कमी झाले आहेत, शिवाय स्लॅबवर धान आणि मिरच्या वाळवता येतात, उन्हाळ्यात झोपता येते आणि मुलाचे लग्न ठरले की वर एक खोली चढवता येते. ही सारी कारणे एकत्र मांडली की ‘स्लॅब’ हे उत्तर मूर्खपणाचे राहत नाही. त्याच वेळी मे महिन्यात स्लॅब दिवसभर तापून रात्री ती उष्णता खाली सोडतो हेही तितकेच खरे आहे आणि ते सांगणे हे विद्यार्थ्याचे कर्तव्य आहे. गावातील एका स्लॅबच्या आणि एका कवेलूच्या घरात दुपारी तीन आणि रात्री दहा वाजता साधा तापमापक टांगून आलेले आकडे दोन्ही घरांतील माणसांसमोर ठेवले, तर चर्चा आवडी-निवडीतून बाहेर येते आणि स्लॅबवर चुन्याचा पांढरा थर, वर तट्ट्यांचा मांडव, किंवा सपरीपुरते कवेलू अशा मधल्या वाटा निघू लागतात. वास्तुविशारदाचे ज्ञान हरकतीच्या पुढच्या पायरीवर उपयोगी पडते, हरकत दाबण्यासाठी नाही.

आता गुणांविषयी. विद्यापीठाच्या परीक्षेतील बाह्य परीक्षक आणि त्यांची पात्रता ठरवणे शिक्षकाच्या हाती नसते, परंतु सत्रभरातील अंतर्गत गुणांची विभागणी बऱ्याच ठिकाणी त्याच्या हाती असते. तिचा एक चतुर्थांश भाग हरकतींच्या नोंदवहीसाठी ठेवावा. या वहीत प्रत्येक पानाचे तीन भाग असतात: हरकत कोणी आणि कोणत्या शब्दांत घेतली, तिच्यामुळे आराखड्यात काय बदलले, आणि बदलले नसल्यास त्या माणसाला काय सांगितले व त्याला ते पटले का. राहणाऱ्याने आराखडा आवडला म्हणून गुण देऊ नयेत, कारण त्यातून गोड बोलणाऱ्या विद्यार्थ्याचा फायदा होतो आणि आपल्याकडे घरी आलेल्या मुलांना नापास करणे कोणाच्या जिवावर येत नाही असे थोडेच आहे. गुण हरकतीचे काय केले यासाठी असावेत. मात्र एक नियम कठोर ठेवावा: ज्या घरासाठी आराखडा काढला त्या घरातील प्रौढ स्त्रीचा एखाद्या मूलभूत बाबीला असलेला नकार शिल्लक असेल, तर ती शीट अंतिम ज्यूरीत लागू नये. हा नियम वर्गाला प्रथम जाचक वाटतो, पण त्याच्या धाकाने विद्यार्थी तिसऱ्यांदा आपणहून गावाला जातो. अंतिम ज्यूरीही शक्य तर गावातच, शाळेच्या भिंतीवर शीट लावून घ्यावी आणि बोलण्याची पहिली पाळी गावकऱ्यांची ठेवावी. तज्ज्ञ आधी बोलले की नंतर कोणी बोलत नाही.

या अभ्यासासाठी जिल्ह्यात सर्वांत मोठे, आणि सर्वांत अवघड, क्षेत्र आहे ते गोसीखुर्द प्रकल्पाच्या पुनर्वसित गावठाणांचे. पवनी तालुक्यात वैनगंगेवर उभ्या राहिलेल्या या धरणाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी झाली, २००९ मध्ये त्याला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला, आणि भंडारा व नागपूर जिल्ह्यांतील अनेक गावे पाण्याखाली जाऊन नव्या गावठाणांत वसली. नव्या जागेत कोणत्या नागरी सुविधा द्याव्यात याची यादी ठरलेली असते आणि वादही बहुधा त्या यादीभोवती फिरतो: रस्ता झाला का, शाळा झाली का, स्मशानभूमीला कुंपण आहे का. विद्यार्थ्यांनी यादीबाहेरचे पाहावे. ढिवर मच्छीमारांच्या जाळ्यांना वाळायला आणि विणायला जागा कोठे राहिली, देवाची जागा कोणी आणि कशी हलवली, जुन्या गावात पाठीला पाठ लावून राहणारे भाऊबंद सोडतीने मिळालेल्या भूखंडांमुळे किती दूर गेले, आणि सरळ रेषेतल्या रस्त्यावर जुन्या चौकासारखी बसण्याची जागा लोकांनी कोठे निर्माण केली, या गोष्टी मोजून काढण्याच्या आहेत. इमारत वापरात आल्यानंतर तिची अशी तपासणी करण्याला वापरोत्तर मूल्यमापन म्हणतात. राहणाऱ्यांनी स्वतः केलेले फेरफार, म्हणजे पुढे ओढलेली सपरी, बुजवलेली खिडकी, संडासात रचलेले सरपण, हा या तपासणीतील सर्वांत विश्वासार्ह पुरावा असतो, कारण तो कोणालाही खूश करण्यासाठी केलेला नसतो.

महाराष्ट्राने हा धडा ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर मोठी किंमत देऊन घेतला आहे. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत पूर्णतः स्थलांतरित झालेल्या ५२ गावांत जमिनीच्या मालकीनुसार २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची घरे रुंद, काटकोनी रस्त्यांवर बांधली गेली. वाड्याभोवती गुंफलेल्या जुन्या गल्ल्यांची सवय असलेल्या लोकांना ही मोकळीक परकी वाटली आणि पुढील वर्षांत त्यांनी भिंती, छपऱ्या व कुंपणे घालून गावाची वीण आपल्या परीने पुन्हा घट्ट केली. याउलट ज्या गावांत घरे जागेवरच दुरुस्त आणि भक्कम करायची होती, तेथे ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेने गावातील स्त्रियांना संवाद सहायक म्हणून उभे केले आणि त्यांनी तंत्रज्ञांची भाषा घरापर्यंत व घराची अडचण तंत्रज्ञांपर्यंत पोहोचवली. त्याहून जुना आणि बोधक दाखला इजिप्तमधील हसन फतही या थोर वास्तुविशारदाचा आहे: १९४० च्या दशकात त्यांनी लक्झरजवळ मातीच्या घुमटाकार छपरांचे नवे गुर्ना गाव अतिशय आत्मीयतेने रचले, पण ज्यांच्यासाठी ते होते त्यांतील बहुतेक लोक तेथे गेलेच नाहीत, कारण त्यांची उपजीविका जुन्या जागी अडकलेली होती. स्थानिक साहित्य, स्थानिक कारागिरी आणि उत्तम हेतू असूनही गाव रिकामे राहू शकते, एवढे त्यावरून विद्यार्थ्यांना दाखवावे.

सार्वजनिक इमारतींचा विषय घेतल्यास वापरकर्त्यांची यादी आणखी काळजीपूर्वक करावी लागते. ९ जानेवारी २०२१ रोजी मध्यरात्रीनंतर भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयातील नवजात शिशूंच्या अतिदक्षता कक्षाला आग लागून दहा बालकांचा मृत्यू झाला आणि सात बालकांना बाहेर काढता आले. त्या घटनेची कारणमीमांसा हा स्टुडिओचा विषय नव्हे. परंतु रुग्णालयाचा आराखडा काढणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने रात्रपाळीच्या परिचारिकेबरोबर, सफाई कामगाराबरोबर आणि बाहेरच्या कट्ट्यावर रात्र काढणाऱ्या आजीबरोबर चालत जाऊन, अंधार आणि धूर असताना कोणते दार सापडेल व कोणते सापडणार नाही, हे विचारल्याशिवाय एकही रेघ मारू नये. डॉक्टर आणि अधिकारी यांच्याकडून मिळालेले गरजपत्रक, म्हणजे किती खोल्या व किती खाटा हे सांगणारा कागद, दिवसाच्या रुग्णालयाचे असते; रात्रीचे रुग्णालय वेगळी माणसे चालवतात.

शेवटी देणे-घेणे. विद्यार्थी गावात गेले की घरकुल मंजूर होणार अशी समजूत लगेच पसरते, म्हणून पहिल्याच सभेत, आणि प्रत्येक नव्या घरी पुन्हा, हे शिक्षणाचे काम असून त्यातून कोणतेही अनुदान मिळणार नाही, असे स्वच्छ सांगावे. घराच्या आतील छायाचित्रे परवानगीवाचून काढू नयेत आणि काढलेली असल्यास छापून एक प्रत घरी द्यावी. सत्र संपताना इंग्रजी शीटांचा गठ्ठा महाविद्यालयाच्या कपाटात जाण्यापूर्वी प्रत्येक कुटुंबासाठी एकेका पानाचा मराठी आराखडा तयार करावा, ज्यावर मापे फुटांत असतील, कारण गवंडी फुटांतच बोलतो, आणि ज्यावर दारे-खिडक्यांच्या जागा, पायाची खोली व वाढीव खोली पुढे कोठे निघेल हे दाखवलेले असेल. त्याची दुसरी प्रत ग्रामपंचायतीत द्यावी, पुढच्या वर्षी येणाऱ्या वर्गाला ती मागून घेण्यास सांगावी, आणि दोन्ही प्रती लॅमिनेट करूनच द्याव्यात, कारण ग्रामपंचायतीच्या लोखंडी कपाटातही श्रावणात ओल येते.